राखेखालची नावं

पॉम्पेई या शहराबद्दल आपल्यापैकी बहुतेकांना एकच गोष्ट ठाऊक असते. इटलीत एक शहर होतं, शेजारच्या डोंगरातून ज्वालामुखी उसळला आणि ते शहर राखेखाली गाडलं गेलं. काही जण त्याला आणखी एक वाक्य जोडतात. शहर फार विलासी होतं, पापी होतं, म्हणून त्याची तशी गत झाली! उर्दूत आणि आमच्या दखनीत एक शब्द आहे, 'इब्रत'. दुसऱ्याचं झालेलं पाहून आपण घ्यायचा धडा. पडक्या इमारतीसमोर उभं राहिलं की घरातली वडीलधारी माणसं हा शब्द हमखास काढायची. पॉम्पेईला निघालो तेव्हा तो माझ्याही खिशात होता. परतताना मात्र मी दुसराच प्रश्न घेऊन आलो. श्रोतेहो, आज त्या प्रश्नाविषयी बोलायचं आहे.

२०२५ च्या जानेवारीत माझ्या भाच्याने मला इटली दाखवली. तो तिकडे नोकरीला असतो. पॉम्पेई पाहायचे दोन मार्ग. एक म्हणजे चाळीस-पन्नास जणांच्या घोळक्यात, पुढे छत्री उंच धरून चालणाऱ्या गाइडच्या मागे धावायचं. दुसरा म्हणजे फक्त आपल्यापुरता गाइड ठरवायचा. हा दुसरा मार्ग माझ्यासारख्याच्या खिशाला परवडणारा नव्हे, पण भाच्याने आधीच पैसे भरून टाकले होते. गाइड पन्नाशीच्या आसपासच्या एक बाई होत्या. पुरातत्त्वशास्त्र शिकलेल्या, सरकारी परवाना असलेल्या, बोलायला शांत. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "तीन तास आहेत. तुम्हाला काय पाहायचंय?"

घोळक्यातल्या माणसाला हा प्रश्न कुणी विचारत नाही. मी म्हटलं, "वाडे थोडे कमी दाखवा. भाकरी कुठे भाजायचे, कपडे कुठे धुवायचे, पाणी कुठे भरायचे, ते दाखवा." बाई हसल्या आणि म्हणाल्या, "मग आपल्याला बरंच चालावं लागेल."

पोर्ता मरिना म्हणजे समुद्राकडचा दरवाजा. तिथे तिकीट दाखवून आत जायचं. तिकिटावर माझं पूर्ण नाव छापलेलं होतं. २०२४ च्या नोव्हेंबरपासून तिथे दिवसाला २० हजार माणसांचीच मर्यादा घातली आहे आणि प्रत्येक तिकिटावर प्रवाशाचं नाव असतं. मी ते नाव वाचून घडी घालून ठेवलं. त्या वेळी त्यात काही विशेष वाटलं नाही.

आधी घडलं काय, ते थोडक्यात सांगतो. इसवी सन ७९. व्हेसुव्हियसचा डोंगर कित्येक पिढ्या शांत होता. त्याच्या उतारावर द्राक्षांचे मळे होते. सतरा वर्षांपूर्वी, इसवी सन ६२ मध्ये, मोठा भूकंप होऊन गेला होता आणि पडझडीची दुरुस्ती अजून चालूच होती. एके दिवशी दुपारच्या सुमाराला डोंगरातून धुराचा प्रचंड खांब वर गेला. मग हलक्या, सच्छिद्र दगडांचा पाऊस सुरू झाला. तासन् तास तो पडत राहिला, त्याच्या वजनाने छपरं कोसळली. त्या वेळात बरेच लोक पळाले. जे घरात थांबले, किंवा ज्यांना थांबावं लागलं, त्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी डोंगरावरून धावत आलेल्या तप्त राखेच्या आणि वायूच्या लोटांनी गाठलं.

हे आपल्याला कळतं ते मुख्यतः एका भाच्यामुळे. रोमन आरमाराचा अधिकारी आणि मोठा ग्रंथकार थोरला प्लिनी आखातापलीकडे मिसेनमला होता. लोकांना वाचवायला तो जहाजं घेऊन निघाला आणि स्टॅबिए इथल्या किनाऱ्यावर मरण पावला. त्याच्या बहिणीचा मुलगा, धाकटा प्लिनी, तेव्हा सतरा वर्षांचा होता. पुढे त्याने टॅसिटस या इतिहासकाराला दोन पत्रं लिहिली आणि मामाच्या मृत्यूची हकिगत कळवली. जगाने त्या भाच्याचे आभार मानावेत. मी माझ्या भाच्याचे मानले.

घटनेची तारीख शतकानुशतकं २४ ऑगस्ट अशी सांगितली जायची, कारण पत्रांच्या हस्तलिखित प्रतींमध्ये ती तशी होती. २०१८ मध्ये एका घराच्या भिंतीवर कोळशाने लिहिलेली एक ओळ सापडली. त्यातला दिवस येतो १७ ऑक्टोबर. कोळशाचं अक्षर भिंतीवर फार दिवस टिकत नाही, तेव्हा ते त्याच वर्षीचं असावं, म्हणजे स्फोट ऑक्टोबरच्या अखेरीस झाला असावा, असं आता अनेक अभ्यासक मानतात. विद्वानांच्या पोथ्यांतली तारीख कुणा अनामिकाच्या कोळशाच्या तुकड्याने हलवली! कवी असल्यामुळे मला याचा अंमळ जास्तच आनंद झाला.

शहर सुमारे ६६ हेक्टरांचं, म्हणजे १६० एकरांहून थोडं अधिक. रस्ते काळ्या दगडांचे, गाड्यांच्या चाकोऱ्या त्यात खोल उतरलेल्या. रस्ता ओलांडायला मध्ये उंच दगड ठेवलेले. त्यांच्या फटींतून चाकं जातील आणि माणसाचे पाय सांडपाण्यात भिजणार नाहीत. चौकाचौकात दगडी हौद. हौदाच्या काठाचा एक भाग गुळगुळीत झिजलेला. पाणी प्यायला वाकणारा प्रत्येक माणूस त्याच जागी हात टेकायचा. बाई म्हणाल्या, "हात ठेवून बघा." मी ठेवला. तळहात त्या खळगीत बसला. मी काही बोललो नाही, त्याही बोलल्या नाहीत. चांगल्या गाइडला कधी गप्प राहायचं ते कळतं.

मग आम्ही बेकऱ्या पाहिल्या. एकेका बेकरीच्या अंगणात लाव्हाच्या दगडाची तीन-चार जाती उभी आहेत. जातीच म्हणायची, फक्त माणसाहून थोडी बुटकी. खाली शंकूसारखा दगड, वर डमरूच्या आकाराचा. वरच्याला लाकडी दांडा जोडायचा आणि गाढवाला किंवा माणसाला जुंपायचं. आपल्याकडच्या तेलाच्या घाण्याचाच प्रकार. एका बेकरीत ८१ गोल पाव सापडले, कोळसा झालेले, पण आकार जसाच्या तसा, आठ फाकांच्या खुणांसह. २०२३ मध्ये उजेडात आलेल्या एका बेकरीत तर खोलीला बाहेर जायला रस्ताच नव्हता. उंचावर लहान खिडक्या, त्यांना लोखंडी गज. गुलाम आणि गाढवं एकत्र कोंडलेली. एकमेकांना न धडकता फिरता यावं म्हणून जमिनीत खाचा केलेल्या. पाव कसा भाजायचे ते मी विचारलं होतं. उत्तरात दळणाराही आला.

तीच गोष्ट धोबीखान्याची. मुख्य रस्त्यावर स्टेफानुसचा धोबीखाना आहे. कपडे हौदात टाकून पायांनी तुडवायचे आणि मळ निघावा म्हणून मानवी मूत्र वापरायचे. दिवसभर त्या हौदात उभ्या राहणाऱ्या पायांचं काय होत असेल, हे कुठल्याच ग्रंथकाराने लिहिलेलं नाही. शुभ्र टोग्याविषयी मात्र पुष्कळ लिहिलंय.

पण या शहराला नावांची वाण नाही. भिंती नावांनी भरलेल्या आहेत. अमक्याला निवडून द्या, तमका मनुष्य चांगला आहे, अशा लाल रंगातल्या निवडणुकीच्या जाहिराती. आपल्या गावातल्या भिंतींची आठवण यावी! पाठिंबा देणाऱ्यांत धोबी आहेत, बेकरीवाले आहेत, आणि मतदानाचा हक्क नसलेल्या बायकाही आहेत. ज्युलिया फेलिक्स नावाच्या बाईने आपल्या मालमत्तेतलं स्नानगृह, दुकानं आणि माड्या पाच वर्षांच्या कराराने भाड्याने देण्याची जाहिरात भिंतीवर लिहिली होती. १८७५ मध्ये सेसिलियुस युकुंदुस या सावकाराच्या घरी मेणाचा लेप दिलेल्या दीडशेवर लाकडी पट्ट्या सापडल्या. त्यांत घेतल्या-दिल्या पैशांच्या पावत्या आणि खाली साक्षीदारांची ओळीने नावं. व्हेत्ती यांचं घर चित्रांसाठी जगभर प्रसिद्ध आहे. दीर्घ दुरुस्तीनंतर ते २०२३ मध्ये पुन्हा उघडलं. त्याचे मालक दोघं. दोघंही गुलामीतून सुटून श्रीमंत झालेले, असं मानतात.

म्हणजे नावं आहेत. आणि देहही आहेत.

देहांची कथा अशी. राखेत गाडलेली माणसं काळाच्या ओघात नष्ट झाली, पण भोवतीची राख घट्ट झाल्यामुळे त्यांच्या आकाराच्या पोकळ्या तशाच राहिल्या. १८६३ मध्ये उत्खननाचे प्रमुख जुझेप्पे फिओरेल्ली यांनी त्या पोकळ्यांत प्लास्टर ओतायला सुरुवात केली. ते वाळल्यावर भोवतीची राख काढली, तर समोर माणूस. चेहरा झाकून घेतलेला, कोपरावर उठू पाहणारा, लेकराला बिलगलेला. असे शंभराहून अधिक ठसे आजवर घेतले गेले. शहराच्या एका टोकाच्या बागेत तेरा जण एकत्र सापडले. त्यांत मुलंही आहेत. आता ते काचेआड आहेत आणि काचेसमोर मोबाइल उंचावलेले असतात.

कबरस्तानाजवळून जाताना तिथल्या लोकांना सलाम करायची आमच्याकडे रीत आहे. त्यांची ओळख असो-नसो. त्या काचेपुढे माझा हात आपोआप वर गेला. बाईंनी विचारलं, "हे काय केलंत?" मी सांगितलं. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "रोज वीसेक जणांना तरी ही माणसं दाखवते. आधी यांची परवानगी घ्यावी, असं पुष्कळदा मनात येतं."

तिथेच त्यांनी मला एक गोष्ट सांगितली, आणि तीच या भाषणाचा गाभा आहे.

सोन्याच्या कंकणाचं घर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या एका घरात चार जण सापडले होते. एका प्रौढ देहाच्या अंगावर सोन्याचं जड कंकण आणि कुशीत मूल. पाहणाऱ्याला शंका यायचं कारणच नव्हतं. ही आई, हे तिचं लेकरू, जवळचा पुरुष बाप, दुसरं मूल याच कुटुंबातलं. कित्येक वर्षं गाइड हेच सांगत आले, लोकांचे डोळे भरून येत राहिले. दुसऱ्या एका घरात एकमेकांना मिठी मारलेले दोन देह. त्यांना 'दोन बहिणी' म्हणत, कुणी मायलेकी म्हणत. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये काही ठशांमध्ये उरलेल्या हाडांच्या डीएनए-तपासणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. कंकण घातलेली 'आई' पुरुष निघाली. कुशीतल्या मुलाशी त्याचं रक्ताचं नातं नव्हतं. त्या चौघांपैकी कुणाचंच कुणाशी निघालं नाही. मिठीतल्या दोघांपैकी एक जण तरी पुरुष होता. शिवाय तपासलेल्या बऱ्याच जणांचं मूळ भूमध्य समुद्राच्या पूर्वेकडच्या प्रदेशांत होतं. मोठ्या रोमन बंदरांच्या परिसरात जगभरचे लोक राहायचे, त्याचीच ही साक्ष.

"मग आता तुम्ही लोकांना काय सांगता?" मी विचारलं.

"हेच सांगते," त्या म्हणाल्या. "काही लोक नाराज होतात. त्यांना आई हवी असते."

मला त्या नाराज लोकांचा राग आला नाही. एखाद्याच्या अंगावरचा दागिना पाहून, पेहराव पाहून, नाव ऐकून तो कोण आहे हे झटकन ठरवून टाकायची सवय सगळ्यांनाच असते. मी मराठीत कविता लिहितो हे कळल्यावर, "मराठी कधी शिकलात?" असं मला आजही अधूनमधून विचारलं जातं. विचारणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं. माझ्या नावावरून त्याने माझी एक गोष्ट आधीच रचलेली असते, इतकंच. जिवंत माणूस निदान उत्तर देऊ शकतो. प्लास्टरमधला माणूस काय सांगणार?

आणि गोष्ट रचणारे फक्त गाइडच नसतात. हर्क्युलेनियमच्या दिशेच्या दरवाजाजवळ एका रोमन शिपायाचा सांगाडा सापडला, सगळे पळाले तरी तो आपल्या जागेवरून हलला नाही, अशी कथा एकोणिसाव्या शतकात युरोपभर गाजली. इंग्लंडमध्ये १८६५ साली त्यावर प्रसिद्ध चित्र निघालं. ज्या कोनाड्यात तो पहारा देत होता म्हणे, ती पहाऱ्याची चौकी नव्हती, एक थडगं होतं. साम्राज्याला आज्ञाधारक शिपाई हवा होता, म्हणून राखेतून तो उभा केला गेला. तसंच पापी शहराचंही. व्हेसुव्हियसने कुणाचा हिशेब पाहिला नाही. सावकारही गेला असेल आणि जात्याला जुंपलेला गुलामही. फरक असलाच तर एवढा, की सावकाराला घोडागाडी मागवता येत होती.

माझा प्रश्न आता सांगतो. पॉम्पेईत भिंतींवर आणि पट्ट्यांवर हजारो नावं आहेत. राखेखाली हजाराहून अधिक माणसांचे अवशेष सापडले आहेत. पण नाव आणि देह यांना जोडणारा धागा जवळजवळ कुठेच नाही. ज्यांची नावं कळतात त्यांचं शेवटी काय झालं ते कळत नाही. ज्यांचा शेवट डोळ्यांसमोर आहे त्यांची नावं नाहीत. इतिहास सांगणाऱ्याचं काम या दोन टोकांची गाठ मारण्याचं. पण गाठ बसत नसेल तर? खोटी गाठ मारून लोकांना रडवायचं, की दोन्ही टोकं हातात धरून प्रामाणिकपणे उभं राहायचं?

पॉम्पेईच्या तटाबाहेर, उत्तरेला चिविता जुलियाना इथे एका मोठ्या घराचं उत्खनन झालं. २०२१ मध्ये तिथे गुलामांची खोली सापडली. जेमतेम १६ चौरस मीटर. तीन खाटा, त्यांतली एक आखूड, बहुधा मुलाची. कोपऱ्यात मडकी, घोडागाडीचं सामान, उंचावर एक छोटी खिडकी. भिंतीवर एकही चित्र नाही. उत्खनन करणाऱ्यांनी तिथे कुठलीही करुण कथा रचली नाही. खाटेची लांबी मोजून लिहिली. ती लांबी वाचल्यावर मला आणखी काही ऐकायची गरज वाटली नाही.

आता थोडं आपल्या घराकडे येऊ. १९३८ मध्ये अमेदेओ माइउरी या पुरातत्त्वज्ञाला मुख्य रस्त्याजवळच्या एका साध्याशा घरात हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती सापडली. उंची सुमारे २५ सेंटिमीटर. अंगभर दागिने, हातभर बांगड्या, पायांत जड वाळे, दोन बाजूंना शृंगाराचं सामान घेतलेल्या दोन छोट्या दासी. मूर्ती निःसंशय भारतीय. तिला 'पॉम्पेईची लक्ष्मी' म्हटलं गेलं. पुढे काहींनी ती यक्षी असल्याचं म्हटलं. मस्तकातल्या छिद्रावरून ती आरशाची मूठ किंवा एखाद्या छोट्या मेजाचा पाय असावी, असाही तर्क आहे. तिच्याशी नातं सांगणाऱ्या हस्तिदंती मूर्ती आपल्या मराठवाड्यात सापडल्या आहेत, जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला आणि धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला. भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. तेर म्हणजे 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथातलं तगर. तिथला माल पैठणच्या मालाप्रमाणेच गाड्यांवरून भडोचच्या बंदराला जायचा, असं त्या ग्रंथात लिहिलेलं आहे. तिकडूनही वस्तू यायच्या. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीच्या उत्खननात समुद्रदेव पोसायडनची कांस्यमूर्ती सापडली, ती कोल्हापूरच्या संग्रहालयात आहे.

थोरल्या प्लिनीने आपल्या ग्रंथात तक्रार केली होती, की हिंदुस्थान दरवर्षी रोमचे पाच कोटी सेस्टर्स ओढून नेतो. ज्या ज्वालामुखीत तो गेला, त्याच ज्वालामुखीने आपल्याकडची ही छोटी मूर्ती सांभाळून ठेवली.

मी ती दुसऱ्या दिवशी नेपल्सच्या संग्रहालयात पाहिली. तिच्या पायाशी खरोष्ठी लिपीतलं एकच अक्षर कोरलेलं आहे, 'शि'. खरोष्ठी ही वायव्येकडची लिपी, त्यामुळे मूर्ती तिकडची की दक्षिणेतली यावर वाद आहे. मराठवाड्याचा असूनही मी त्या वादात पडणार नाही. ते कारागिराचं चिन्ह असेल, जोडकामाची खूण असेल. हस्तिदंतावर महिनोन् महिने वाकलेल्या त्या माणसाचं एवढंच उरलं आहे, एक अक्षर. त्यावरून आपण त्याचं नाव रचू शकतो, जात रचू शकतो, धर्म रचू शकतो. मला वाटतं, त्याला तसाच राहू द्यावं. त्याचं काम पाहावं आणि ते अक्षर आहे तेवढंच वाचावं.

निघण्यापूर्वी बाईंनी आम्हाला शहराच्या एका कडेला नेलं. तिथे रस्ता अचानक संपतो आणि समोर मातीची उंच भिंत उभी राहते. वर गवत, झाडं. पॉम्पेईचा जवळपास एक-तृतीयांश भाग अजून खणलेलाच नाही. १७४८ मध्ये उत्खनन सुरू झालं, तेव्हा राजाला हव्या त्या मूर्ती आणि चित्रं उचलून बाकीचं उद्ध्वस्त करायची पद्धत होती. आता खणतात ते मुख्यतः उघड्या भागाच्या कडा ढासळू नयेत म्हणून, आणि तेही चमच्याचमच्याने. बाकीचा भाग पुढच्या पिढ्यांसाठी ठेवलेला आहे. त्यांच्याकडे अधिक चांगली साधनं असतील आणि कदाचित अधिक धीरही असेल.

इतिहासात हात घालायची घाई सगळ्यांनाच असते. मातीच्या त्या भिंतीपलीकडे कुणीतरी आहे, त्याचं घर आहे, त्याची भाकर आहे. त्याच्याविषयी अजून कुणीही काहीही सांगितलेलं नाही. मी त्या भिंतीलाही सलाम केला आणि आम्ही परतीच्या रस्त्याला लागलो.